पाय हलका कीं चक्र मोठें?



सायकलीच्या शर्यतींत जिंकावयाचें तर पाय चपळ असावा कीं चक्र मोठें असावें, हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यमय मुलुखांतून असा विषय निघावा याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. सायकलींच्या शर्यतींसाठीं बांधलेलें लंबवर्तुळाकार क्रीडांगण, ज्यास व्हेलोड्रोम असें म्हणतात, तें मीं प्रथम पाहिलें तें पुण्यास बालेवाडी येथें, आणि तेंहि नोकरीचीं पुष्कळ वर्षें सरल्यावर. परंतु या वादाचा पहिला पाठ मला वैनगंगेच्या कांठच्या एका खेड्यांत मिळाला, आणि त्याची किंमत मीं नव्हे, माझ्या एका विद्यार्थ्यानें दिली. म्हणून मी आज बोलतों तो या विषयांतील अधिकारी या नात्यानें नव्हे, तर एक चुकलेला शिक्षक या नात्यानें.

सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आमच्या झाडीपट्टींत सायकल ही चैनीची वस्तु नव्हे. ज्या गांवांत शाळा नाहीं त्या गांवचीं मुलें आठ-आठ, दहा-दहा किलोमीटर पायडलें मारीत येतात. त्यांत नववींतला एक मुलगा फार दणकट होता. पावसाळ्यांत धानाच्या रोवणीला गुडघाभर चिखलांत उभा राहून त्याच्या मांड्या लोखंडासारख्या झाल्या होत्या. प्रजासत्ताकदिनीं नाक्यापासून नदीच्या पुलापर्यंत, सुमारें पाऊण किलोमीटरची सायकलींची शर्यत होत असे. ती या मुलानें जिंकावी अशी माझी फार इच्छा होती.

मी गणिताचा शिक्षक. मीं कागद-पेन्सिल घेतली. त्याच्या सायकलीचें पुढचें चक्र ४४ दांतांचें व मागचें १८ दांतांचें होतें. म्हणजे पायडलाची एक फेरी झाली कीं चाकाच्या जवळजवळ अडीच फेऱ्या होत. चाकाचा घेर २.२ मीटर, तेव्हां पायडलाच्या एका फेरींत सायकल सुमारें ५.४ मीटर पुढें जाई आणि एका किलोमीटरास १८६ फेऱ्या लागत. मीं सायकलच्या दुकानांतून पुढें ४८ व मागें १६ दांतांचें चक्र बसवून घेतलें. आतां प्रमाण बरोबर तिप्पट झालें, एका फेरीस ६.६ मीटर अंतर, आणि किलोमीटरास फक्त १५२ फेऱ्या! चौतीस फेऱ्यांची बचत झाली, तेव्हां शर्यत आपलीच, असें मला वाटलें.

शर्यत सुरू झाली आणि आमचा मल्ल जागच्या जागीं धडपडूं लागला. शेजारच्या गांवचा एक सडपातळ मुलगा जुन्याच चक्रावर भराभर पाय फिरवीत शंभर हातांतच पुष्कळ पुढें निघून गेला. शेवटीं शेवटीं आमच्या मुलाची सायकल वेग घेऊं लागली, अंतर कमी होऊं लागलें. परंतु तोंपर्यंत पूल आला होता. त्यावरून मीं जो निष्कर्ष काढावयास हवा होता तो न काढतां उलटाच काढला. मला वाटलें, चक्र योग्यच आहे, जोर मात्र कमी पडतो. मग पुढील दोन महिने मीं त्याजकडून तेंच जड चक्र चढावावर रेटून घेतलें. एके दिवशीं तो म्हणाला, "गुरुजी, गुडघा दुखून राहिला जी." मीं म्हटलें, "सवय होईल." सवय झाली नाहीं. त्या वर्षीं रोवणीच्या दिवसांत त्याला चिखलांत उभें राहतां येईना, आणि त्याच्या घरीं त्या हंगामाची मजुरी बुडाली. पायांत कायमचें व्यंग राहिलें नाहीं हें माझें भाग्य. पण तो पुन्हा कधीं शर्यतीस उतरला नाहीं.

माझ्या गणितांत काय चुकलें होतें? फेऱ्या मोजल्या, पण जोर मोजावयाचा राहिला. दांतेरी चक्र शक्ति उत्पन्न करीत नाहीं. तें फक्त शक्तीची अदलाबदल करतें. फेऱ्या वांचल्या तर त्याच प्रमाणांत प्रत्येक फेरीस अधिक जोर द्यावा लागतो. अडीचपटीच्या आसपासचें प्रमाण तिप्पट केल्यामुळें सायकल उभ्यानें तितक्याच तडफेनें सुटावी म्हणून त्या मुलास सुमारें सव्वापट जोर लावावा लागत होता. आपल्या वऱ्हाड-नागपूर प्रांतांत शंकरपट पाहिलेल्या कोणत्याहि शेतकऱ्यास हें मी न सांगतां समजलें असतें. पटाच्या जोडीस कोणी धानाची भरलेली गाडी जुंपून वेग शिकवीत नाहीं.

आतां स्नायूंचा धर्म पाहूं. ए. व्ही. हिल या इंग्रज शास्त्रज्ञानें १९३८ सालीं बेडकाच्या स्नायूवर प्रयोग करून दाखविलें कीं, स्नायु जितक्या वेगानें आखडतो तितका त्याचा जोर कमी होतो. अगदीं हळू ओढलें तर जोर पुष्कळ, परंतु गति नाहीं. अगदीं भराभर फिरविलें तर गति पुष्कळ, परंतु जोर उरत नाहीं. शक्ति म्हणजे जोर आणि गति यांचा गुणाकार. म्हणून ती दोन्ही टोकांस थोडी आणि मध्यें सर्वांत जास्त असते. हें चित्र एखाद्या टेकडीसारखें आहे. कसलेल्या शर्यतपटूंत या टेकडीचा माथा मिनिटास सुमारें १२० ते १३० फेऱ्यांच्या आसपास आढळतो. शाळेला निघालेलें मूल ताशी पंधरा किलोमीटर वेगानें जात असेल तर माझ्या जुन्या हिशेबाप्रमाणें त्याचे पाय मिनिटास अवघ्या ४६ वेळां फिरतात. यावरून दोहोंमधील अंतर ध्यानांत यावें.

व्हेलोड्रोमवरील सायकलीस ब्रेक नसतो, फ्रीव्हीलहि नसतें. चाक फिरतें तोंवर पायडल फिरलेंच पाहिजे. गिअरहि एकच, तो शर्यतीपूर्वी निवडावयाचा आणि मग शेवटपर्यंत त्याच्याशीं संसार करावयाचा. रस्त्यावरील सायकलस्वार चढ लागला कीं गिअर बदलतो; येथें ती सोय नाहीं. त्यामुळेंच हा वाद येथें इतका तीव्र होतो.

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत स्प्रिंट शर्यतींतील खेळाडू साधारणपणें साडेतीनपटीच्या अलीकडील चक्र वापरीत आणि पाय फार जलद फिरवीत. कॅनडाच्या कर्टिस हार्नेट यानें १९९५ सालीं बोगोटा येथें धांवत्या आरंभाचे २०० मीटर ९.८६५ सेकंदांत तोडले. तो विक्रम अकरा वर्षें टिकला. त्यानंतर चक्रें वाढत गेलीं. आज अग्रगण्य खेळाडू चौपटीच्या पुढें, साडेचारपटीच्या आसपास जातात. २०२४ सालच्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें नेदरलंड्सच्या हॅरी लाव्हरेसेन यानें हेंच अंतर ९.०८८ सेकंदांत कापलें, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्यें तुर्कस्तानांतील कोन्या येथें ब्रिटनच्या मॅथ्यू रिचर्डसन यानें नऊ सेकंदांची भिंत पार करून ८.८५७ सेकंदांची नोंद केली.

येथें पुन्हा कागद-पेन्सिल घेऊं. लाव्हरेसेनचा वेग सेकंदास २२ मीटर, म्हणजे ताशी ७९ किलोमीटर पडतो. अशा सायकलीच्या चाकाचा घेर सुमारें २.१ मीटर. साडेतीनपट चक्रावर हा वेग गांठावयाचा तर मिनिटास १८० फेऱ्या हव्यात. साडेचारपटीवर १४० पुरतात. १८० वर पाय टेकडीच्या पार पलीकडच्या उतारावर गेलेले असतात. १४० वर ते माथ्याजवळ असतात. मोठ्या चक्राच्या पक्षाची खरी बाजू ही आहे. ती केवळ फॅशन नव्हे. त्यांत आणखी एक लाभ असा कीं, फेऱ्या कमी म्हणजे स्नायूंचें आखडणेंहि कमी वेळां, आणि त्यामुळें शेवटच्या मीटरांत पाय तितका गळत नाहीं. मोठ्या चक्रावर साखळीला कमी वांकावें लागतें, त्यामुळें घर्षणहि थोडें वांचतें.

मग माझ्या विद्यार्थ्याचें काय चुकलें? उत्तर सोपें आहे. धांवत्या आरंभाच्या शर्यतींत खेळाडू आधीं दोन-तीन फेरे घालून वेग घेतो, वळणावरील उंच कडेला चढतो आणि तेथून खालीं झेप घेतो. अडीचशे मीटरच्या मैदानावर ही कड चाळीस अंशांहून अधिक कललेली असते. मोठें चक्र फिरतें करण्याचें अर्धें काम हा उतार करतो. माझा विद्यार्थी मात्र सपाट रस्त्यावर, उभ्यानें सुटला होता. तीन गड्यांच्या सांघिक स्प्रिंटमध्यें सुद्धां जागेवरून सुटून संघास वेग देणारा पहिला गडी मागच्या गड्यांहून लहान चक्र घेतो. म्हणजे प्रश्न चक्र लहान कीं मोठें असा नसून, वेग कोठून आरंभावयाचा आणि कोठें संपवावयाचा असा आहे. दोघांच्या झुंजींतहि तेंच. ज्याचें चक्र मोठें त्याला प्रतिस्पर्ध्यानें एकाएकीं उडी घेतली तर उत्तर देण्यास उशीर होतो. म्हणून त्याला दुरूनच वेग वाढवीत आणावा लागतो. ज्याचा पाय चपळ त्याला शेवटपर्यंत वाट पाहतां येते.

जपानांत १९४८ सालापासून कीरिन नांवाच्या सायकलशर्यती चालत आल्या आहेत. तेथेंहि चक्रें इतकीं वाढलीं कीं २०१५ पासून पुरुषांसाठीं चौपटीच्या खालचेंच प्रमाण वापरावें असा नियम करावा लागला. रस्त्यावरील कुमारांच्या शर्यतींत एका फेरीस ७.९३ मीटरहून अधिक अंतर जाणारा गिअर वापरण्यास आंतरराष्ट्रीय संघटनेची २०२२ अखेरपर्यंत मनाई होती. कोवळा पाय आधीं फिरावयास शिको, मग ओझें घेवो, हा त्यामागील विचार. नियम आतां उठला असला तरी तो विचार मला अजूनहि शहाणपणाचा वाटतो.

कोणी म्हणेल, गुरुजी, हें सारें परदेशचें. नव्हे. २०१८ सालीं स्वित्झर्लंडमधील एगल येथें अंदमानच्या एसो अल्बेन यानें कुमारांच्या जागतिक स्पर्धेंत कीरिनचें रौप्यपदक मिळविलें. पुढच्याच वर्षीं तो, मणिपूरचा रोनाल्डो सिंग व रोजित सिंग यांच्या संघानें जर्मनींत कुमारांचें सांघिक स्प्रिंटचें सुवर्णपदक जिंकलें. २०२२ सालीं दिल्लीच्या लांकडी व्हेलोड्रोमवर रोनाल्डो सिंगनें आशियाई स्पर्धेंत स्प्रिंटचें रौप्यपदक मिळविलें. या प्रकारांत तें भारताचें पहिलेंच. आणि अगदीं घराजवळचें सांगावयाचें तर २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत भारताच्या महिला स्प्रिंट संघांत मयूरी लुटे व सुशिकला आगाशे या दोघी भंडारा जिल्ह्याच्या होत्या. जी वैनगंगा भंडाऱ्यावरून वाहते तीच पुढें चंद्रपूर व गडचिरोली यांच्यामधून वाहते. पाणी तेंच, धानाचीं बांधें तींच, सायकलीवरून शाळेंत जाणाऱ्या मुलीहि तशाच. मग वरच्या कांठास जें घडलें तें खालच्या कांठास घडूं नये असें कांहीं नाहीं.

पण तें घडावयाचें तर आम्हां वडीलधाऱ्यांस थोडा धीर धरावा लागेल. मोठ्या चक्राचा मोह मुलांस होत नाहीं, आम्हांस होतो. मुलाची मांडी दणकट दिसली कीं आम्ही तिच्यावर ओझें चढवितों. माझी विनंति एवढीच कीं, ज्यांच्या घरीं असा होतकरू मुलगा किंवा मुलगी असेल त्यांनीं प्रथम मोजण्यास शिकावें. त्यास महागडें यंत्र नको. सपाट, निर्धोक रस्त्यावर दहा सेकंदांत उजवा पाय किती वेळां खालीं जातो तें मोजावें आणि सहानें गुणावें. हलक्या चक्रावर मिनिटास शंभर, मग एकशेवीस फेऱ्या, बैठकीवर उसळी न घेतां, खांदे न हलवितां साधूं लागल्या कीं मगच मागचें चक्र दोन दांतांनीं लहान करावें. पायाचा जोर वाढविणें अवश्य आहे, पण तें काम जाणत्या मार्गदर्शकाच्या देखरेखीखालीं, वयाच्या मानानें व्हावें. आणि मूल गुडघा दुखतो म्हणालें तर त्या दिवशीं सायकल भिंतीला टेकवून ठेवावी.

हलका पाय कीं मोठें चक्र, या प्रश्नाला माझें उत्तर असें: जिंकण्याच्या दिवशीं कदाचित् मोठें चक्र, परंतु त्या दिवसापर्यंत पोहोंचण्यासाठीं हलका पाय. हा क्रम मीं उलटा केला होता.

तो विद्यार्थी आतां चाळिशीला आला आहे. मागें एकदां बाजारांत भेटला. त्याची मुलगी सरकारी योजनेंतून मिळालेल्या सायकलीवरून शाळेंत जाते असें त्यानें सांगितलें, आणि हंसत विचारलें, "गुरुजी, हिला किती दांतांचा चक्का लावूं?" मीं म्हटलें, "आहे तोच राहूं दे. आधीं तिचे पाय मोजूं."