ला पाझमधला नाताळ



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला परदेशांतील कामगार चळवळीवर बोलण्याची आज्ञा केली आहे. या विषयावर पदवीधर विद्वानांनी भरपूर लिहिले आहे, आणि आमचे शिक्षण तर युनियनच्या कचेरीतल्या रद्दीवर झालेले. तेव्हा आम्ही आपले एका संध्याकाळीपुरतेच बोलणार आहोत.

2015 सालच्या डिसेंबरात कामगार प्रतिनिधींच्या एका बैठकीसाठी आम्ही दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हिया देशात, ला पाझ शहरी गेलो होतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 3,600 मीटर उंच; दोन जिने चढले की छाती भरून येते. नाताळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बर्फ येते, पण तिकडे डिसेंबर म्हणजे पावसाळा. 24 तारखेला दुपारपासून पाऊस पडत होता.

त्या शहरात बूटपॉलिश करणारी पोरे तोंडावर लोकरी मुखवटे चढवून बसतात. फक्त डोळे दिसतात. प्रथम आम्ही दचकलोच. दुभाष्याने खुलासा केला की, शाळेतल्या सोबत्यांनी, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ओळखू नये म्हणून हा बुरखा. कामाची लाज पोराला उपजत नसते, ती समाजाने लावलेली असते, हे आम्ही गेट-मीटिंगांतून किती वेळा ओरडून सांगितले असेल! पण ती लाज अशी लोकरीने विणून तोंडावर ओढलेली आम्ही प्रथमच पाहिली.

नाताळात तिकडे गोरगरिबांच्या मुलांना गरम चॉकलेट आणि बुन्युएलो वाटण्याची चाल आहे. बुन्युएलो म्हणजे मैद्याची तळलेली, आपल्या पुरीसारखी फुगणारी चीज. सान फ्रान्सिस्को चर्चजवळच्या एका आडोशाला स्थानिक कामगार मित्रांनी मोठे पातेले चढवले होते. दूध, कोको, दालचिनी, लवंग. त्या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या आतच उकळते, त्यामुळे उकळी दिसली तरी काम लवकर होत नाही. आम्ही तासभर डाव ढवळत उभे होतो. पोरे आली. चाळीस-पन्नास असतील. मुखवटा नाकापर्यंत वर सरकवायचा, घोट घ्यायचा, पुन्हा खाली ओढायचा.

त्यांतला एक, असेल बारा वर्षांचा, आमच्या बुटांकडे पाहू लागला. चिखलाने भरलेच होते. त्याने पेटी मांडली. पॉलिश झाल्यावर दर विचारला, तर नेहमीच्यापेक्षा दुप्पट! कारण विचारले. म्हणाला, "आज सण आहे." सणाच्या दिवशी दुप्पट मजुरी मिळावी म्हणून आम्ही तीस वर्षे मालकांशी भांडत आलो आहोत, आम्ही मुकाट्याने पैसे मोजले.

पैसे देता देता आम्ही आमचे ठरलेले वाक्य बोललो. मुलांनी काम करू नये, शिकावे. जगातल्या सगळ्या युनियनांचे हेच म्हणणे आहे. त्यावर त्याने उलट विचारले, "तुम्ही कामाला कधी लागलात?"

मंडळी, हा प्रश्न आजवर आम्हाला कुणी विचारला नव्हता. आम्ही अकराव्या वर्षी चहाच्या हॉटेलात कपबशा विसळायला लागलो. व्यासपीठावरून ही गोष्ट आम्ही कधी सांगत नाही.

तिथल्या मुलांची स्वतःची संघटना आहे, 'उनात्सबो' नावाची. 2013 च्या डिसेंबरात, नाताळ आठवड्यावर आला असताना, या मुलांनी संसदेवर मोर्चा नेला. मागणी अशी की, आमचे काम बेकायदा ठरवू नका, त्याला संरक्षण द्या. पोलिसांनी मुलांवर अश्रुधूर सोडला. नंतर राष्ट्राध्यक्ष एव्हो मोरालेस यांनी मुलांच्या प्रतिनिधींची भेट घेतली. लहानपणी त्यांनी स्वतः कष्ट केले होते. 2014 च्या जुलैत कायदा झाला. वय चौदाच राहिले. पण आईबापांच्या संमतीने आणि अधिकाऱ्यांच्या परवानगीने स्वतःचा धंदा करणाऱ्याला दहाव्या वर्षी, दुसऱ्याकडे राबणाऱ्याला बाराव्या वर्षी मुभा मिळाली. जगभरच्या कामगार पुढाऱ्यांनी टीका केली. आम्हीही ठरावावर हात वर केला होता. किमान वयाच्या 1973 च्या आंतरराष्ट्रीय कराराला आपल्या देशाने तोवर मान्यताही दिलेली नव्हती. ती 2017 साली दिली.

तो ठराव चुकीचा होता असे आम्ही आजही म्हणणार नाही. बारा वर्षांच्या पोराची मजुरी बापाची मजुरी पाडते, हे आम्ही गिरण्यांच्या गावात पाहिले आहे. पण ठराव लिहिताना त्या पोरांपैकी एकालाही आम्ही विचारले नव्हते, एवढे खरे.

आम्ही त्या पोराला खरे वय सांगितले. त्याने मजुरी विचारली. दोन वेळचे जेवण आणि महिन्याला पंधरा रुपये, तेही मालकाच्या मर्जीने. "आणि तुमची संघटना?" आम्ही म्हटले, नव्हती. आपल्या तेव्हाच्या 1926 च्या कायद्याप्रमाणे पंधरा वर्षांच्या आतल्याला युनियनचे सभासदच होता येत नव्हते, हेही सांगितले. दुभाष्याला ते दोनदा सांगावे लागले, कारण पोराचा विश्वास बसेना.

पुढे 2018 च्या डिसेंबरात बोलिव्हियाने तो कायदा बदलला आणि खालच्या वयाची मुभा काढून टाकली. ती बातमी आम्हाला कचेरीत कळली. सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही वाजवल्या, पण जरा उशिरा.