चार ओळींचा जबाब

(वस्तीतल्या बुद्धविहाराच्या पटांगणात युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



मला इथं कविता वाचायला बोलावलंय. कविता खिशात आहे, ती आज खिशातच राहू दे. आज मी युनियनची नोटीस घेऊन आलोय.

परवा गोदीच्या गेटवर युनियनच्या फळ्यावर ती लागली. वर मोठ्या अक्षरात 'कामगारांची सुरक्षितता व आरोग्य'. खाली तीन कलमं. एक, नवी संहिता लागू झाली. दोन, वर्षातून एकदा फुकट तपासणी मिळणार. तीन, हेल्मेट वापरा. आमच्या टोळीत अकरा माणसं, धड वाचता येणारे तिघं-चौघं. मी मॅट्रिक, म्हणजे टोळीतला बॅरिस्टरच. मी मोठ्यानं वाचून दाखवली. वाचून झाल्यावर एक म्हातारा म्हणाला, "त्यात मामाचं काय लिवलंय?"

मी म्हणालो, काही नाही.

त्या 'काही नाही'वर मला बोलायचंय.

मामाचं नाव मी सांगत नाही. टोळी त्याला मामाच म्हणते. गोदीत त्याच्या हाडांची काडं झालीत. त्या दिवशी जहाज भंगार लोखंड घेऊन आलं होतं. होल्ड कित्येक दिवस बंद. डेकवर माणूस आत उतरायला एक भोक असतं, त्यालाही मॅनहोलच म्हणतात. हॅचचं मोठं झाकण अजून उघडायचं होतं. मुकादमाला घाई. म्हणाला, तोवर उतरून बघा माल कसा लागलाय. मामा सगळ्यात जुना, म्हणून पहिला तो. सात-आठ पायऱ्या उतरला, वर बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि हात सुटले. खाली भंगारावर आदळला.

मी मागोमाग उतरायला निघालो, तर जहाजावरच्या एका खलाशानं कॉलर धरून मला मागं खेचलं. त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक नव्हतं. श्वासाचा संच पाठीला बांधून दोघं खलाशी उतरले, काही मिनिटांत मामाला वर काढलं. जीव राहिला. मांडीचं हाड मोडलं, कंबर गेली.

आता हे नीट ऐका, कारण हे आपल्याला कुणी शिकवत नाही. लोखंड गंजतं तेव्हा हवेतला ऑक्सिजन खातं. बंद होल्डमध्ये टनावारी भंगार दिवसेंदिवस गंजत राहिलं की आतली हवा नुसती नावाला हवा राहते. आपण इथं श्वास घेतोय त्या हवेत ऑक्सिजन २१ टक्क्यांच्या आसपास. तो ५-६ टक्क्यांवर आला की दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. ना वास येतो, ना रंग दिसतो, ना घसा धरतो. लाकडाचे ओंडके, कोळसा, काही धान्यं, यांच्या होल्डमध्येही हेच होतं. तोंडाला रुमाल बांधून उपयोग नाही, कारण रुमाल ऑक्सिजन तयार करत नाही. आधी होल्ड उघडून हवा खेळवायची, मीटर सोडून मोजायची, मग माणूस उतरवायचा. आणि एक पडला तर दुसऱ्यानं तसंच उतरायचं नाही. दुसरा वाचवायला उतरतो आणि तोही मरतो. तिसराही मरतो.

ही कथा तुम्ही कुठंतरी ऐकलीय. गटारात ऐकलीय. तिथं गॅस वेगळा, भोक तेच. पहिला उतरतो, मग त्याचा भाऊ उतरतो, मग शेजारचा. पेपरात तीन ओळींची बातमी येते: 'गुदमरून तिघांचा मृत्यू'. कुणी उतरवलं, ते त्या तीन ओळींत नसतं.

१९९३ ला कायदा झाला, २०१३ ला दुसरा झाला. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, गटारात मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्या. २०२३ ला सांगितलं, ३० लाख द्या. आणि मधे जुलै २०२१ मध्ये सामाजिक न्याय खात्याकडून राज्यसभेत लेखी उत्तर आलं की हातानं मैला साफ करताना एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही. सरकारच्या व्याख्येत गटारात उतरणं वेगळं, मैला उचलणं वेगळं. माणूस मेला तो 'धोकादायक सफाई'च्या रकान्यात मेला. रकाना बदलला की आकडा शून्य. मढी उचलायला माणसं लागतात, आकडा पुसायला खोडरबर पुरतं.

आता माझ्या गुन्ह्याकडं येतो.

त्या दिवशी दुपारी ठेकेदाराच्या केबिनमध्ये मला बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला. त्या केबिनमध्ये मला चहा मिळाला तो पहिल्यांदाच. म्हणाले, तू शिकलेला आहेस, तुझं अक्षर चांगलं, तू कविता करतोस म्हणे. घे, लिही. मी लिहिलं:

कामगार शिडीवरून पाय घसरून पडला.
त्याच्या तोंडाला दारूचा वास येत होता.
हेल्मेट त्याने स्वतः काढून ठेवले होते.
यात कोणाचीही चूक नाही.

चार ओळी. खाली माझी सही.

मामा दारू पीत नाही. त्याच्या बापानं १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली, तेव्हापासून त्या घरात बाटली शिरलेली नाही. आणि हेल्मेट? ते त्याला कुणी दिलंच नव्हतं.

का लिहिलंस, असं तुम्ही विचाराल. खोलीचं भाडं तटलं होतं. मला दुसऱ्या दिवशीची हजेरी पाहिजे होती. हे कारण आहे, ही सुटका नाही.

मला वाटलं, कागदच आहे, फाइलीत जाईल. नंतर कायदा वाचला. १९२३ च्या भरपाईच्या कायद्यातच ते लिहून ठेवलेलं. कामावर माणूस मेला किंवा जन्माचा पुरता निकामी झाला, तर दारूचं निमित्त चालत नाही. पण त्यापेक्षा कमी इजा असेल आणि अपघात दारूमुळं झाला, किंवा सुरक्षेचं साधन कामगारानं मुद्दाम काढून टाकलं असं ठरलं, तर मालकाची भरपाई माफ. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते उतरलंय. म्हणजे दारू आणि हेल्मेट ही दोन्ही वाक्यं ठेकेदाराला पाठ होती. मी कवी असून त्याचा कारकून झालो. एका ओळीत मामाची मांडी गेली, दुसऱ्या ओळीत कंबर.

आणि मस्टर. मामा हॉस्पिटलात वजनं लटकवून पडलेला आणि मस्टरवर पुढचे दोन दिवस त्याची हजेरी. का? अपघातानं माणूस ४८ तास किंवा जास्त कामाला मुकला की मालकानं सरकारला कळवावं लागतं. हजेरी लागली, म्हणजे तो कामाला मुकलाच नाही. अपघात झालाच नाही.

दोस्तहो, ही तऱ्हा नवी नाही. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटलं. पोटात १४०० टनांच्या आसपास दारूगोळा आणि त्याच जहाजात कापसाच्या गासड्या. धोक्याचं लाल निशाणसुद्धा चढवलं नव्हतं. ६६ अग्निशामक जवान गेले. त्यांची आठवण म्हणून १४ एप्रिल देशभर पाळतात, ते योग्यच आहे. पण मजूर, हमाल धरून त्या स्फोटात एकूण जे मेले, त्यांचा आकडा कुणी ८०० सांगतं, कुणी १३००. मधली ५०० माणसं कुठं गेली? ती मोजलीच गेली नाहीत. मस्टरवरच नसलेला माणूस मरतो कसा? तो दिवस बाबासाहेबांचा वाढदिवस, आणि त्या साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर मंत्री होते. आपण दरवर्षी त्या तारखेला मिरवणूक काढतो. पुढच्या वेळी मिरवणुकीत त्या ५०० जणांसाठी एक मिनिट थांबा.

काम जातीनं वाटलं जातं, हे बाबासाहेबांनी आपल्याला गिरण्यांत दाखवलं. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून अस्पृश्याला त्या खात्यात मज्जाव. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. त्या पुढाऱ्यांना वर्ग दिसत होता, थुंकी दिसत नव्हती. आज गोदीत धागा नाही. पण माझ्या टोळीत बघा. अकरातले आठ आपले, बौद्ध आणि मातंग. तिघं यूपी-बिहारचे, तेही आपल्यासारखेच. केबिनमध्ये आपला एकही नाही. जो पहिला उतरतो त्याची जात मला विचारावी लागत नाही.

आता त्या नोटिशीतल्या नव्या संहितेचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. सुरक्षिततेचे जुने १३ कायदे तिनं गिळले, त्यात १९८६ चा गोदी कामगारांच्या सुरक्षेचा कायदाही गेला. तिच्यात चांगलं आहे ते घ्या. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र. फुकट तपासणी. जिवाला धोका आहे असं रास्त वाटलं तर तसं मालकाला आणि सोबत सरकारी निरीक्षकाला कळवायचा हक्क. आणि वाईट आहे तेही वाचा. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याला २० माणसं पुरत होती, आता ५० लागतात. मग ठेकेदार ४९ माणसं आपल्या नावावर ठेवतो, ४९ मेव्हण्याच्या. निरीक्षकाचं नाव 'इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर' झालंय. कुणाला फॅसिलिटेट करणार, ते आम्हाला गेटवर दिसेलच.

आणि युनियन? युनियनला मी शिव्या द्यायला आलो नाही. लाल बावटा असो नाहीतर दुसरा कुठला, भांडली म्हणून तर पाळी आठ तासांची झाली. पण आमच्या युनियनच्या अपघातांच्या यादीत फक्त कायम कामगार आहेत. कंत्राटी माणसाकडं कार्ड नाही, म्हणून त्याचं हाड मोडलं तरी यादीत मोडत नाही. ठेकेदाराचं मस्टर आणि युनियनची यादी, मामा दोन्हीकडून सुटला. मीटिंगमध्ये मी हे बोललो. एक जुने कार्यकर्ते म्हणाले, "नशीब त्याचं." मी म्हणालो, साहेब, नशीब आम्ही ५६ साली नागपूरला सोडून आलो. बुद्धानं सांगितलंय, कारणाशिवाय काही घडत नाही. मामा पडला त्याला कारण आहे, आणि ते कारण पगार घेतं.

म्हणून तुम्हाला काम सांगतो. तुम्ही शिकलेली पोरं आहात. टोळीत, गटारात, बांधकामावर तुमचा बाप आहे, चुलता आहे, आई आहे. अपघात झाला की त्याच दिवशी लिहा. तारीख, वेळ. जहाज कुठलं, होल्ड कितवा, किती दिवस बंद. हवा मोजली का, कुणी मोजली. उतर म्हणून कुणी सांगितलं, त्याचं नाव. ठेकेदार कोण. बघणारे कोण. मोबाइल आहे तर जागेचे, मस्टरचे फोटो काढा. हॉस्पिटलात पहिल्याच केसपेपरवर 'कामावर असताना पडला' हे शब्द लिहून घ्या, नुसतं 'पडला' लिहू देऊ नका. कोऱ्या कागदावर अंगठा नाही, सही नाही. आणि कुणी चहा पाजून तुमचं अक्षर चांगलं म्हणालं, तर उठून या. एक प्रत युनियनला द्या, एक घरी ठेवा, एक या अंकाच्या संपादकांकडं पाठवा. माझी मागणी आहे की दर अंकात एक पान अपघातांना द्या. कवितेचं एक पान कमी झालं तरी चालेल, माझंच कमी करा.

मागच्या महिन्यात मी दुसरा जबाब लिहिला. पहिला खोटा होता, तो कुणी आणि कसा लिहून घेतला, होल्डची हवा मोजली नव्हती, मामा प्यायला नव्हता, हेल्मेट दिलंच नव्हतं. दीड पान झालं. सही केली, मामाच्या दाव्याला जोडला. दुसऱ्या दिवशी गेटवर माझं नाव पुकारलं नाही. अजून पुकारत नाहीत. आज इथं आलोय तो बेकार म्हणून आलोय.

तो कागद घेऊन मी आधी मामाकडं गेलो होतो. खाटेवर बसून त्यानं सगळा ऐकला. मला वाटलं, शिव्या देईल, निदान रडेल तरी. तो म्हणाला, "एवढं सगळं तुला येत हुतं, तर पोरा, पहिल्यांदाच का नाही लिवलंस?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. तुमच्यावर ती पाळी येऊ देऊ नका.

जयभीम.