रक्ताची परीक्षा आणि बाप्तिस्म्याची नोंद
(धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेत केलेले भाषण)



महोत्सवानिमित्त आपल्या जुन्या नोंदवह्यांना ऊन दाखविण्यात आले, तेव्हापासून पुष्कळजण माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येत आहेत. परदेशी असलेल्या कोणा भाच्याने नळीत लाळ घालून ती टपालाने प्रयोगशाळेकडे पाठविली आणि काही आठवड्यांत पूर्वजांचे प्रदेशवार टक्के त्याच्या हाती आले. मग आपणही तसे का करू नये? १८९९-१९०० च्या घोर दुष्काळात पोरक्या झालेल्या एखाद्या लेकरापासूनच जिची वंशावळ सुरू होते, अशी घराणी अमरावती-अकोल्याकडील आपल्या समाजात आहेत. त्यांचा हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे, हे मी जाणतो.

या विद्येस मी तुच्छ लेखीत नाही. कोकणातील बेने इस्राएल लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. अलिबागनजीक नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि त्यातून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपण झालो, अशी त्यांची परंपरा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांच्यातील १८ व्यक्तींचा डीएनए तपासला गेला, तेव्हा यहुदी व भारतीय अशा दोन्ही वंशांचा मिलाफ दिसून आला. परंपरेस आधार मिळाला. आणि कथेत जिचा उल्लेख नाही त्या कोकणी मातेचाही पत्ता लागला. गलबत कोणत्या साली फुटले, हे मात्र परीक्षेने सांगितले नाही.

आपल्या बाबतीत ती याहून कमी सांगेल. पणजोबांच्या पित्याचा आपल्यात सरासरी सोळावा हिस्सा उरतो, आणि तो ओळखावयास त्यांच्या दुसऱ्या कोणा वंशजाने तीच परीक्षा केलेली असावी लागते. दुष्काळात रस्त्यावर प्राण सोडलेल्या मातेचे नाव व गाव त्या कागदावर उमटणार नाही. शिवाय ही माहिती परक्याच्या तिजोरीत राहते. ट्वेंटी-थ्री-अँड-मी या अमेरिकन कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ साली चोरांच्या हाती लागली, आणि २०२५ च्या मार्चमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

कोणी मला एकांतात विचारतात, “फादर, आमची मूळ जात कळेल काय?” एकांतात विचारतात, हे बरे लक्षण आहे, निदान लाज तरी वाटते! जातीचा दाखला लाळेतून मिळत नाही. हैदराबादच्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह २००९ साली दाखवून दिले की, बहुतेक सर्व भारतीय दोन प्राचीन जनसमूहांच्या मिश्रणातून झाले आहेत, उच्च म्हणविणारेही.

आणखी एक गोष्ट गंभीर आहे. लाळ आपली असली तरी गुपित आपल्या एकट्याचे नसते. ज्या घरात दत्तक लेकरू आहे, तेथे आईबापांनी प्रेमाने व वेळीच सांगावयाची गोष्ट एखाद्या यंत्राच्या तोंडून त्यास का कळावी? कायदेशीर रीतीने दत्तक घेतलेले मूल त्या आईबापांचेच मानावे, असे ख्रिस्तसभेच्या विधिसंहितेचे ११० वे कलम सांगते. मत्तयाच्या पहिल्या अध्यायातील वंशावळ पाहा. दाविदापासून ती योसेफापर्यंत येते आणि प्रभूचे रक्त तर योसेफाचे नव्हे. परीक्षकाने येथे ‘नाते नाही’ असा शेरा मारला असता. त्याच वंशावळीत तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची स्त्री यांचीही नोंद आहे. कुळाचा डौल मिरविणाऱ्याने ती वगळली असती.

आपल्या सर्वांत जुन्या वहीत काही ओळींवर मिशनरी फादरांनी लॅटिनमध्ये ‘आईबाप अज्ञात’ असे लिहिले आहे. त्याच ओळीवर पुढे धर्मपित्याचे नाव आहे, आणि तो रकाना कोठेही रिकामा नाही. आपल्या पणज्याच्या पोरकेपणाची ज्यास आजवर लाज वाटत आली, त्याने तो रकाना अवश्य वाचावा. कोणीतरी त्या लेकरास हातात घेऊन कुंडाशी उभे राहिले होते.

ज्या कुटुंबांस आपली नोंद पाहावयाची असेल, त्यांनी पूर्वजाचे बाप्तिस्म्याचे नाव व अदमासे साल कागदावर लिहून रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर यावे. शाई फार फिकी झाली आहे, तेव्हा घरातील वृद्धांनाही सोबत आणावे. कित्येक नावे त्यांच्या मदतीवाचून मलाही लागत नाहीत.