हुंकार



आमची आजी रात्री गोष्ट सांगायची ती हुंकारावर. तिचं वाक्य संपलं की आम्ही 'हं' म्हणायचं. 'हं' आला नाही की ती तेच वाक्य पुन्हा म्हणे, आणि तरीही अंधारातून काही आलं नाही तर गोष्ट तिथंच बंद. तुमच्या घरातला वायफाय आणि खिशातला मोबाइल दिवसभर हेच करत असतात. त्यांच्या हुंकाराला इंजिनिअर 'ॲक' म्हणतात. मी आपला टपालातला शब्द घेतो, पोच.

बिनतारी यंत्राची अडचण अशी, की एकाच लहरीवर ते स्वतः बोलत असताना त्याला सहसा दुसऱ्याचं ऐकू येत नाही. ढोल बडवणाऱ्याला शेजारची कुजबुज ऐकू येईल का? आपलं पॅकेट, म्हणजे एका दमात पाठवलेला मजकुराचा तुकडा, वाटेत दुसऱ्या कुणाच्या पॅकेटवर आदळलं, हे पाठवणाऱ्याला कळतच नाही. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अलोहानेट' सुरू केलं, तेव्हा त्यांनी हा पेच सरळ मान्य करून टाकला. ज्याला हवं त्यानं हवं तेव्हा पाठवावं. पोच आली तर ठीक, नाही आली तर थोडं थांबून पुन्हा पाठवावं. मात्र किती थांबायचं ते ज्याचं त्यानं चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं, कारण दोघंही सारखंच थांबले तर पुन्हा टक्कर ठरलेली.

वायफायमध्ये आजही एकेका पॅकेटच्या बाबतीत 'पोचलं नाही' असा निरोप नसतो. पॅकेट विस्कटलं तर त्यावरचा पत्ताही विस्कटलेला असू शकतो; मग तक्रार करायची कुणाकडे? म्हणून गप्प बसणं हाच नकार. यातून एक गंमत होते. पॅकेट पोचतं, पण पोचच हरवते आणि बिचारा पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा धाडतो. त्यासाठी प्रत्येकावर क्रमांक घातलेला असतो. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला, की घेणारा पोच देतो आणि पॅकेट टाकून देतो.

आता खर्चाचं बघू. वायफायचा वेग सेकंदाला ६०० मेगाबिटवर गेला, तेव्हा १५०० बाइटचा मजकूर २० मायक्रोसेकंदांत जाऊ लागला. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. पोच आहे अवघी १४ बाइटची, पण ती नक्की ऐकू यावी म्हणून मुद्दाम संथ वेगानं पाठवतात. आधी १६ मायक्रोसेकंद थांबायचं, मग २८ मायक्रोसेकंद पोच. चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला!

यावरचा तोडगा कुठल्याही शाळामास्तरला सुचला असता. चौसष्ट मुलांकडून चौसष्ट वेळा 'हजर' ऐकत बसायचं कशाला? सगळी पॅकेटं एका दमात पाठवावी आणि शेवटी एकच हजेरीपट मागवावा: चौसष्ट घरं, आलेल्याला एक, न आलेल्याला शून्य. चौसष्ट बिट म्हणजे फक्त आठ बाइट. सतरावं आणि चाळिसावं गैरहजर दिसलं, तर तेवढी दोनच पुन्हा पाठवायची. २००९ च्या वायफायपासून हीच रीत रुळली. मला स्वतःला वेग वाढवणाऱ्या अँटेनांपेक्षा या आठ बाइटांचं कौतुक अधिक वाटतं.

मोबाइलचं थोडं वेगळं. तिथं टॉवर आधीच सांगतो, की अमक्या फोनसाठी आता माल येतोय. त्यामुळे फोनला स्पष्ट 'नाही' म्हणता येतं. फोर-जीत हे उत्तर साधारण ४ मिलिसेकंदांनी जातं. तोवर हात बांधून बसायला नको म्हणून आठ कामं आळीपाळीनं चालू ठेवतात. आणि बिघडलेली प्रत फोन फेकून देत नाही. दुसरी प्रत आली की दोन्ही एकत्र लावून वाचतो, जशा जुन्या पोथीच्या दोन फाटक्या प्रती शेजारी ठेवून आपण अक्षरं जुळवतो.

पण 'हो' की 'नाही' एवढंच एका बिटात सांगायचं, तर कधीतरी 'नाही'चा 'हो' ऐकू येणारच. माझा आतेभाऊ झोपेतही 'हं' म्हणायचा. आजी त्याला ओळखून होती. मध्येच थांबून विचारायची, 'मग राजा कुठं गेला रे?' फोर-जीतही वरच्या थरावर अशीच फेरतपासणी असते. कुठल्या क्रमांकापर्यंत पोचलं, मधले कुठले गळले, याचा वेगळा जबाब तिथं मागितला जातो.

सगळ्यांसाठी एकदम सोडलेल्या पॅकेटांना मात्र वायफाय पोच मागत नाही. इतक्या जणांचा हुंकार ऐकणार कोण? हे भाषणही त्यातलंच. तुम्ही जागे होतात की माझ्या आतेभावासारखे, ते मला इथून कळायचं नाही. एक पोस्टकार्ड टाका.