कर्पूरी ठाकुरांचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



कर्पूरी ठाकुरांवर बोला, असे मला सांगण्यात आले तेव्हा पहिली भीती वाटली ती ही की, त्यांच्या फाटक्या कोटाची गोष्ट ऐकून आपण सारे पुन्हा एकदा सद्गदित होऊ आणि घरी जाऊ. ते साधे होते, हे खरेच आहे. परंतु साधेपणाचे गोडवे गाणे फार स्वस्त असते. त्याने कोणाच्याही खुर्चीला धक्का लागत नाही. जानेवारी २०२४ मध्ये त्यांना मरणोत्तर ‘भारतरत्न’ जाहीर झाले. ज्या प्रवाहाने १९७९ साली त्यांना खाली खेचण्यास हात लावला होता, त्याच प्रवाहाच्या वारसांच्या सरकारने ते जाहीर केले. म्हणून मला आज कोटाविषयी नव्हे, हिशेबाविषयी बोलायचे आहे.

बिहार आपल्याला परका नाही. पुण्यात जन्मलेल्या मधु लिमयांना मुंगेर आणि बांका येथील मतदारांनीच लोकसभेत पाठविले होते. त्याच बिहारमध्ये समस्तीपूर जिल्ह्यातील पितौंझिया गावी, १९२४ साली, एका नाभिक कुटुंबात कर्पूरीजी जन्मले. बेचाळीसच्या लढ्यात तुरुंग, १९५२ साली ताजपूरहून विधानसभा, आणि १९६७ साली महामाया प्रसाद सिन्हा यांच्या मंत्रिमंडळात उपमुख्यमंत्रिपद व शिक्षण खाते. मॅट्रिकला इंग्रजीत उत्तीर्ण होण्याची सक्ती त्यांनी काढली. या सवलतीने पास झालेल्यांना शहाणेसुरते लोक ‘कर्पूरी डिव्हिजन’ म्हणून हिणवीत. हसणाऱ्यांच्या घरात इंग्रजी पिढीजात होती, हे सांगावयास नकोच.

डिसेंबर १९७० मध्ये ते पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले. ते सरकार सहा महिनेही टिकले नाही. खरी कसोटी लागली ती १९७७ नंतर. जनता पक्षाच्या विधिमंडळ नेतेपदाच्या निवडणुकीत सत्येंद्र नारायण सिन्हा यांचा पराभव करून ते पुन्हा मुख्यमंत्री झाले, आणि मुंगेरीलाल आयोगाचा १९७६ पासून पडून असलेला अहवाल त्यांनी हाती घेतला.

नोव्हेंबर १९७८ मध्ये सरकारी नोकऱ्यांत जे २६ टक्के आरक्षण त्यांनी लागू केले, त्याची वाटणी नीट पाहा. अतिमागासांना १२, मागासांना ८, स्त्रियांना ३ आणि उच्चवर्णीय गरिबांना ३. डॉ. लोहियांची ‘शंभरांत साठ’ ही घोषणा आपण सभांतून कितीदा दिली! पण ते मागासलेपण एकजिनसी नाही, ज्याच्याकडे जमीन आहे आणि ज्याच्याकडे केवळ हातातले हत्यार आहे त्या दोघांना एकाच रांगेत उभे केले तर पुढचाच सारे घेऊन जातो, हे मान्य करून तसा सरकारी आदेश काढणे ही निराळी गोष्ट होती. यादव, कुर्मी, कोयरी हे मोठे समाज म्हणजे मागासांच्या राजकारणाचा पाया. तरीही मोठा वाटा त्यांनी लहान, विखुरलेल्या जातींना दिला. ज्यांची मते एकगठ्ठा पडत नाहीत त्यांच्यासाठी कोणता राजकारणी असे करतो?

किंमत लगेच चुकवावी लागली. राज्यभर विरोधाचा आगडोंब उसळला. गादी सोडा आणि वस्तरा उचला, अशा घोषणा मुख्यमंत्र्यांना उद्देशून दिल्या गेल्या. एप्रिल १९७९ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. पाडणाऱ्यांनी त्यांच्या जागी राम सुंदर दास यांना बसविले. तेही समाजवादी आणि शिवाय दलित. या चालीतील धूर्तपणा आपल्यापैकी किती जणांनी त्या वेळी ओळखला, हा प्रश्न आपण स्वतःला विचारलेला बरा. कर्पूरीजी १७ फेब्रुवारी १९८८ रोजी गेले. मुख्यमंत्रिपद त्यांना पुन्हा मिळाले नाही.

हिशेब मात्र उरला. बिहारच्या २०२३ च्या जातगणनेत अतिमागास ३६ टक्क्यांहून अधिक निघाले. राज्यातील सर्वांत मोठा गट तोच. केंद्रातील ओबीसी नोकऱ्या व प्रवेश यांची रोहिणी आयोगाने २०१८ मध्ये तपासणी केली, तेव्हा ९७ टक्के लाभ सुमारे एक चतुर्थांश जातींकडे गेल्याचे आणि ९८३ समाजांना काहीच न मिळाल्याचे आढळले. महाराष्ट्रात विमुक्त व भटक्यांसाठी आपण अ, ब, क, ड असे गट केले. ओबीसींचे १९ टक्के मात्र अविभाजितच राहिले. त्यांच्या वाटणीचा विषय काढला की आपल्याच बैठकीत कोणीतरी म्हणते, ‘आत्ता नको, फूट पडेल.’ कर्पूरीजींनाही हेच सांगितले गेले असणार.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या तालुक्याची एक यादी आणावी. नाभिक, परीट, कुंभार, गुरव, कासार यांच्यापैकी किती जण तलाठी, शिक्षक, कारकून आहेत आणि त्यांत स्त्रिया किती, एवढेच लिहावे. आकडा शून्य आला तर शून्यच लिहावा.