पडद्यावरचा न्यायाधीश आणि खरा न्यायाधीश
(खंडाळा येथें एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



निवडणूक आली म्हणजे आपल्या दाराशीं नाना तऱ्हेचे उमेदवार येतात. अलीकडे त्यांत एक नवी तऱ्हा निघाली आहे. टेलिव्हिजनच्या पडद्यावर दुसऱ्यांचा निवाडा करणारीं माणसें ती खुर्ची सोडून मत मागावयास येऊं लागलीं आहेत. अशा उमेदवारांस पारखावें कसें, एवढेंच आज आम्ही बोलणार आहों.

ऊर्मिला मातोंडकर या मराठी नटी सर्वांस ठाऊक आहेत. २००७ सालीं ‘झलक दिखला जा’ या नाचाच्या चढाओढींत त्या परीक्षक होत्या. २७ मार्च २०१९ रोजीं त्या काँग्रेसमध्यें आल्या, उत्तर मुंबईंतून लोकसभेस उभ्या राहिल्या, आणि २९ एप्रिलला मतदान झालें. गोपाळ शेट्टी यांनीं त्यांस साडेचार लाखांहून अधिक मतांनीं हरविलें. सप्टेंबरांत बाईंनीं तो पक्षही सोडला.

दुसरें उदाहरण दिल्लीचें. किरण बेदी या देशांतील पहिल्या स्त्री आय.पी.एस. अधिकारी. पोलिसांतली नोकरी सोडल्यावर २००८ सालीं सुरू झालेल्या ‘आप की कचहरी’ या कार्यक्रमांत त्या घरगुती तंटे तोडीत असत. १५ जानेवारी २०१५ रोजीं त्या भाजपमध्यें आल्या, लागलीच मुख्यमंत्रिपदाच्या उमेदवार ठरल्या, आणि ७ फेब्रुवारीला मतदान झालें. कृष्णा नगरची जागा १९९३ पासून दर खेपेस त्यांच्याच पक्षाकडे होती; तेथें त्या २,२७७ मतांनीं पडल्या.

कोण पडलें, हा आमचा मुद्दा नव्हे. त्याच उत्तर मुंबईनें २००४ सालीं गोविंदा या नटास निवडून देऊन राम नाईक या केंद्रीय मंत्र्यास घरीं बसविलें होतें. पडद्यावर काम करणें हा गुन्हाही नव्हे. आमचा मुद्दा दिवसांचा आहे. पक्षांत येण्यापासून मतदानापर्यंत एकीस ३३ दिवस मिळाले, दुसरीस २३. बाजारांत बैल घ्यावयाचा तर आपण दांत पाहतों, औताला जुंपून पाहतों, मागल्या धन्याला विचारतों. बायका मडकें घेतांना बोटानें वाजवून पाहतात. मग पांच वर्षांचा कारभारी तीन आठवड्यांत, आणि तोही तोंडवळ्यावरून निवडावा काय?

पडद्यावरचा निवाडा तासाभरांत आटोपतो. आपला बांधाचा तंटा बापाकडून लेकाकडे येतो. धोम-बलकवडीच्या कालव्याचें पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोंचवावयाचें कसें, शिरवळच्या कारखान्यांत आपल्या पोरांस कायमची नोकरी मिळावयाची कशी, सुतार-लोहारांस बँकेच्या दारांत उभें करून घ्यावयाचें कोणी? हे प्रश्न टाळ्यांनीं सुटत नाहींत.

आणखी एक. पडद्यावर न्यायाधीशाची खुर्ची कंपनी देते. निवडणुकींत ती खुर्ची आपली असते, आणि उमेदवार पिंजऱ्यांत उभा असतो. तेव्हां कचेरीचीच रीत त्यास लावा. दोन्ही बाजू ऐका आणि कागद मागा. कागद आहे, बरें का! सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निकालांपासून प्रत्येक उमेदवारास आपली मालमत्ता, कर्ज, फौजदारी खटले व शिक्षण शपथेवर लिहून द्यावें लागतें, आणि निवडणूक आयोग तें सर्वांस खुलें करतो. शाळेंतलें पोरही तें मोबाईलवर काढून घरांत वाचून दाखवील. सावित्रीबाईंचें नायगांव याच तालुक्यांत आहे. त्यांच्या मुलखांतल्या माणसानें न वाचतां मत देणें शोभत नाहीं.

म्हणून आमचें मागणें थोडें आहे. उमेदवार नामांकित असो वा नसो, त्यास चावडीवर चार माणसांदेखत तीन प्रश्न विचारा. एक पाण्याचा, एक पोरांच्या कामाचा, एक त्याच्या स्वतःच्या कागदाचा. मिळालेलें उत्तर तारीख घालून वहींत उतरून ठेवा. पांच वर्षांनीं तो पुन्हां आला, म्हणजे आधीं ती वही उघडूं, मग बोलूं.