आधी कापडाला हात लावा



आपल्या हिंगोली तालुक्यातलं नरसी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. महाराज शिंपी होते, त्यांच्या पदांत गज आणि कात्रीही येते. शिंपी कात्री उचलतो ती कापड नीट पाहून झाल्यावर. भरतकाम करताना मात्र आपण आधी दोऱ्याकडे धावतो.

शिकायला येणाऱ्या मुलींच्या पिशवीत राणी, मोरपंखी, हळदी अशा सगळ्या रंगांच्या लड्या असतात आणि कापड म्हणून उरलेलं एखादं ब्लाउजपीस. ते टेरिकॉटचं निघालं की सुई अडते, दोरा पिंजतो, आणि पोरीला वाटतं आपल्या हातालाच वळण नाही. हात चांगलाच असतो हो, कापड चुकलेलं असतं.

कापडाची पारख पाहायची तर तांड्यावर जावं. सेनगाव, कळमनुरीकडच्या एखाद्या बंजारा आजीची जुनी काचळी, म्हणजे चोळी, जवळून बघा. आरसे, कवड्या, नाणी, केवढं ते वजन! पातळ मलमलीवर ते टिकलंच नसतं. म्हणून खाली जाड सुती कापड, आतून अस्तर. आरशाला भोक नसतं. आधी त्याच्यावरून उभे-आडवे चार दोरे ताणून बसवायचे, मग त्या दोऱ्यांना धरून गोल टाका घालत जायचं. या दोऱ्यांचा सगळा ताण कापडावर येतो. कापड लेचंपेचं असलं की आरशाभोवती सुरकुत्या पडतात आणि आरसा डुगडुगायला लागतो. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी, म्हणजे बंजारा, भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. आपल्या तांड्यांवरचे जुने पोशाखही तितक्याच मोलाचे आहेत. घरात असतील तर कृपा करून भांडीवालीला देऊ नका.

नव्यानं शिकणारीनं मांजरपाटावर हात बसवावा. स्वस्त असतो, सुई सहज जाते. पण त्यात खळ असते आणि धुतल्यावर तो आटतो. माझा पहिला टेबलक्लॉथ मी कोरं कापड न भिजवता भरला होता. दोन महिन्यांचं काम, आणि पहिल्या धुण्यात प्रत्येक फुलाभोवती कापड गोळा झालं. तेव्हापासून कोणतंही सुती कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री केल्याशिवाय मी रिंगला लावत नाही. गडद कापड असेल तर ओला पांढरा रुमाल त्यावर दाबून बघा. रुमालाला रंग लागला, तर त्यावर पांढऱ्या दोऱ्यानं भरू नका.

फुलीच्या टाक्याला मॅटी घ्यावी. तिच्यावर चौकटी असतात आणि इंचाला किती चौकटी आहेत ते आधी मोजायचं. सत्तर फुल्यांचा मोर इंचाला १४ चौकटींच्या मॅटीवर ५ इंचांत बसतो. तोच ११ चौकटींच्या मॅटीवर सहा इंचांच्या पुढे जातो आणि उशीच्या अभ्र्यावर शेपटी कापावी लागते.

चादर, पडदे, उशा यांना केसमेंट उत्तम. बाळाच्या झबल्याला मलमलच हवी, पण तिथं सहापदरी दोऱ्यातला एकच पदर काढून घ्या. मागच्या बाजूला गाठ मारू नका. ती पुढून दिसते आणि बाळाच्या अंगाला टोचते.

वसमतकडच्या भगिनींना एक वेगळं सांगते. हळद काढणीच्या, शिजवणीच्या दिवसांत पांढरं काम पेटीत ठेवा. हात कितीही धुतले तरी नखांत पिवळेपणा राहतो.

बाजाराला जाताना एक सुई आणि दोऱ्याचा तुकडा जवळ ठेवा. कापडाच्या कडेला, जितके पदर वापरणार तितके ओवून, दोन टाके घाला आणि उसवा. मग नखानं हलकेच घासा. धागे सरकून छिद्र मिटलं, तर ते कापड घ्या. भोक तसंच राहिलं, तर दुकानदाराला दुसरा तागा उघडायला सांगा.